औषध-चाचणीत नाव द्यायचंय? सहीच्या आधी आणि सहीनंतर

मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर, औषधाच्या खिडकीशेजारी किंवा लिफ्टच्या दारावर असा एखादा कागद चिकटवलेला असतो: ‘टाइप २ मधुमेह असलेल्या ३० ते ६५ वयाच्या व्यक्ती संशोधनासाठी हव्या आहेत. तपासण्या व औषध मोफत. प्रवासखर्च मिळेल.’ खाली कोऑर्डिनेटरचा, म्हणजे स्टडीचं रोजचं काम बघणाऱ्याचा, मोबाइल नंबर. फोन करणारा बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतो: पैसे किती आणि धोका किती. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण फोनवर त्यांचं धड उत्तर मिळत नाही. फोनवर पक्की कळू शकते ती एकच गोष्ट: स्टडीचा सीटीआरआय क्रमांक.

आधी क्रमांक, मग बाकीचं

सीटीआरआय, म्हणजे ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’, ही चाचण्यांची सरकारी नोंदवही. आयसीएमआरकडून (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून) चालवली जाणारी ही नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. १५ जून २००९पासून औषध-चाचण्यांना नोंद सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंद करावी लागते. म्हणजे ‘भरती चालू आहे, नंबर येईल नंतर’ हे उत्तर मिळालं की तिथेच फोन ठेवायला हरकत नाही.

क्रमांकात सीटीआरआय ही अक्षरं, मग वर्ष, महिना आणि शेवटी सहा आकडे असतात. नोंदवहीचं संकेतस्थळ कुणालाही फुकट उघडता येतं. क्रमांक हाताशी नसेल तर आजाराच्या नावानं शोधता येतं. पान इंग्रजीत आणि लांबलचक असतं, सगळं वाचायची गरज नाही. पाच जागा बघा. पहिली, ‘साइट्स ऑफ स्टडी’: तुम्हाला बोलावलेल्या रुग्णालयाचं नाव आणि मुख्य डॉक्टरांचं नाव त्या यादीत आहे का. दुसरी, एथिक्स कमिटीची (सहभागी लोकांचं हित बघून स्टडीला मान्यता देणाऱ्या समितीची) मंजुरी: त्याच रुग्णालयापुढे ‘अप्रूव्ह्ड’ लिहिलंय का. एकाच स्टडीची दहा केंद्रं असतात आणि आठांनाच मंजुरी मिळालेली असू शकते. तिसरी, औषध महानियंत्रकांच्या, म्हणजे डीसीजीआयच्या परवानगीची ओळ. चौथी, ‘इन्क्लूजन’ आणि ‘एक्स्क्लूजन’: कोणाला घेणार, कोणाला नाही. पाचवी, भरतीची स्थिती. तिथे ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असलं तरी त्यावर फार विसंबू नका. केंद्रं ही ओळ वेळच्या वेळी बदलत नाहीत, त्यामुळे जागा भरूनही पानावर भरती चालू दिसते. त्याच पानावर चौकशीसाठी संपर्क दिलेला असतो, तिथे फोन करून विचारा.

नाव घेण्यासाठी, ‘फाइल’ करण्यासाठी किंवा तपासणीसाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले तर तो फसवणुकीचा मामला समजा. स्टडीपुरत्या तपासण्यांचा खर्च सहभागी व्यक्तीवर टाकायचा नसतो. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘तीन दिवसांत कमवा’ छापाच्या निरोपांत क्रमांक कधीच नसतो, एजंटचा नंबर तेवढा असतो.

स्टडी नेमकी कसली

‘ट्रायल’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीत तुमच्या वाट्याला येणारं काम वेगळं.

आजार असलेल्या लोकांवर नव्या औषधाची चाचणी: महिने, कधी वर्षं चालते, दर काही आठवड्यांनी व्हिजिट. लशीची चाचणी: निरोगी माणसं किंवा बाळं, इंजेक्शन दोन-तीनदाच, पण नंतर लक्ष ठेवणं दीर्घ. बीए-बीई (बायोअव्हेलेबिलिटी-बायोइक्विव्हॅलन्स) स्टडी: बाजारातल्या औषधाची नव्या कंपनीची गोळी शरीरात तितकीच शोषली जाते का, हे निरोगी माणसांच्या रक्तात मोजतात. ही वैद्यकीय महाविद्यालयांपेक्षा खासगी केंद्रांत जास्त चालते. आणि चौथी, निवासी डॉक्टरांच्या प्रबंधासाठीची स्टडी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत तुम्हाला विचारणा होण्याची सगळ्यात जास्त शक्यता हिचीच. यात अनेकदा फक्त प्रश्नावली, जादा ५ मिली रक्त किंवा एखादी सोनोग्राफी असते. बाजारात आधीच मान्य असलेलं औषध वापरून केलेल्या अशा शैक्षणिक चाचणीला काही अटींवर डीसीजीआयची वेगळी परवानगी लागत नाही, एथिक्स कमिटीची मात्र लागते. मागे कंपनी नसल्यानं अशा वेळी एक प्रश्न मुद्दाम विचारा: काही बिघडलं तर उपचाराचा खर्च कोण करणार, महाविद्यालय की आणखी कोणी? उत्तर माहितीपत्रकात लिहिलेलं दाखवायला सांगा.

‘नवं औषध आपल्यालाच मिळणार’ असं गृहीत धरून आलेल्यांची निराशा होते. कोणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत. संगणकानं आधीच तयार केलेल्या यादीनुसार ते ठरतं आणि बहुतेक वेळा डॉक्टरांनाही ते माहीत नसतं. बाळांना रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या जुलाबांवरच्या, भारतातल्या रोटाव्हॅक लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू परिसरात झाली. एकूण ६,७९९ बाळं होती आणि वाटणी दोनास एक अशी: तीन बाळांमागे दोघांना लस, एकाला प्लासिबो, म्हणजे लशीसारखंच दिसणारं पण लस नसलेलं द्रव. आईला, आशाताईला, तपासणाऱ्या डॉक्टरांना कोणालाच कुठलं बाळ कुठल्या गटात ते ठाऊक नव्हतं. म्हणून भरतीच्या वेळी विचारायचा प्रश्न असा: वाटणी किती गटांत, कोणत्या प्रमाणात, आणि दुसऱ्या गटाला काय मिळणार? सध्या चालू असलेला चांगला उपचार की नुसता प्लासिबो? गंभीर आजारात हा फरक फार मोठा आहे.

माहितीपत्रक घरी न्या

इथे घाई करू नका, इतर ठिकाणी केली तरी चालेल.

तुमच्या हातात येणारा दस्तऐवज दोन भागांचा असतो. आधी सहभागी माहितीपत्रक, कंपनीच्या स्टडीत पंधरा-वीस पानांचं, आणि शेवटी एक-दोन पानांचं संमतीपत्र. कोऑर्डिनेटर पहिला भाग भरभर सांगतो आणि शेवटचं पान पुढे करतो. त्याच्यामागे व्हिजिटचं वेळापत्रक लागलेलं असतं, मनात कपट असतंच असं नाही. तरी तुमचं उत्तर एकच ठेवा: ‘घरी नेतो, वाचतो, परवा येतो.’ तसा तुमचा हक्क आहे. ‘आजच सही करा, जागा भरतायत’ असं कोणी म्हणालं तर जागा भरू द्या.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. नेहमी उपचार करणारे डॉक्टरच स्टडीचे मुख्य संशोधक असतात, आणि ‘साहेबांना नाही कसं म्हणायचं’ म्हणून सही होते. नकार दिल्यामुळे नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये, हे माहितीपत्रकात लिहावंच लागतं. ती ओळ शोधून ठेवा. तोंडावर नाही म्हणवत नसेल तर ‘घरचे तयार नाहीत’ एवढं म्हटलं तरी पुरतं, कारण द्यायची सक्ती नाही.

घरी नेल्यावर पहिल्या पानापासून वाचू नका. पहिली तीन-चार पानं औषधाच्या पूर्वपीठिकेची असतात आणि तिथेच डोळे मिटतात. आधी व्हिजिटचा तक्ता काढा. उभ्या रकान्यांत व्हिजिट, आडव्या ओळींत तपासण्या आणि फुल्या. फुल्या मोजा. किती वेळा रुग्णालयात यायचं, किती वेळा उपाशीपोटी, किती वेळा रक्त, कधी ईसीजी, कधी बायोप्सी. रक्ताचं प्रमाण मिलीमध्ये दिलेलं असतं. पोह्यांच्या चमच्यापेक्षा लहान, चहाचा एक चमचा म्हणजे साधारण ५ मिली, असा हिशेब घातला की अंदाज येतो. रक्तदानात एका वेळी ३५० मिली काढतात, तेही ताडून बघायला बरं पडतं.

मग व्हिजिटच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर मांडा. प्रत्येक व्हिजिटला पुढेमागे काही दिवसांची मोकळीक असते, उदाहरणार्थ अधिक-उणे ३ दिवस. आषाढी वारीला चालत जाणारा माणूस तीन आठवडे घरी नसतो. ऊसतोडीला जाणारं कुटुंब दिवाळीनंतर सहा महिने परजिल्ह्यात असतं. मुंबईतले चाकरमानी गणपतीला आठ दिवस कोकणात. हे भरतीच्या दिवशीच सांगा. कधी सुरुवातीची तारीख पुढे सरकवता येते, पण मधली व्हिजिट चुकली तर तुमची माहिती अर्धवट राहते आणि औषधही थांबवावं लागू शकतं.

त्यानंतर धोक्यांची पानं. दुष्परिणाम ‘नेहमी दिसणारे’, ‘कधीकधी’, ‘क्वचित’ असे लावलेले असतात. क्वचितची यादी भीतीदायक असते, पण ‘नेहमी दिसणारे’ तुमच्या कामाला आड येतात का ते जास्त बारकाईनं बघा. रिक्षा किंवा ट्रक चालवणाऱ्याला गुंगी, शेतात राबणाऱ्याला उन्हानं त्वचा भाजणं, लहान मूल हवं असलेल्या जोडप्याला गर्भधारणा टाळण्याची अट. ही अट काही स्टडीत पुरुषांनाही असते आणि औषध संपल्यावरही काही आठवडे किंवा महिने लागू राहते.

प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. मराठी प्रतीवरही असायला हवी, कारण एथिक्स कमिटी मराठी प्रत वेगळी मंजूर करते. मराठी प्रत नाही, ‘मी सांगतो ना समजावून’, असं चालत नाही. स्टडी चालू असताना नवा धोका कळला तर सुधारित आवृत्ती येते आणि तुमची नव्यानं सही घ्यावी लागते. तेव्हा ‘नेहमीचंच आहे’ म्हणून सही करू नका, ‘काय बदललं’ ते विचारा.

शेवटी संमतीपत्र. त्यावर पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. उत्पन्न विचारलं की लोक बिचकतात, पण हे रकाने ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९’ यांतल्या नमुन्यातच आहेत. नॉमिनीचा रकाना भरपाईसाठी आहे. आधारवर आहे तस्संच नाव लिहा, ‘ताई’, ‘बाळू’ नको. सहीजवळची तारीख स्वतःच्या हातानं घाला. सहीच्या आधी स्टडीची एकही तपासणी होता कामा नये, साखरसुद्धा नाही. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण मग एक निष्पक्ष साक्षीदार लागतो आणि तो स्टडीच्या टीममधला नसावा. वॉर्डातली दुसरी पेशंट, तिचा मुलगा, कोणीही चालेल. नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातल्या व्यक्तीची संमती घेताना आवाज आणि चित्रीकरण दोन्ही करतात. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज. कॅमेरा बघून दचकू नका, तो तुमच्या बाजूचाही पुरावा आहे. लहान मुलांसाठी पालकांची सही लागते, आणि आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयाच्या मुलाला तोंडी विचारायचं, १२ ते १८ वयाच्यांची लेखी मान्यता घ्यायची.

‘उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी ठेवू का’ याची चौकट वेगळी असते. तिथे ‘नाही’ म्हणूनही मुख्य स्टडीत राहता येतं. सही झालेली एक प्रत मागून घ्या. आणि त्यावरचा एथिक्स कमिटीच्या सचिवांचा नंबर मोबाइलमध्ये घाला, कारण डॉक्टरांबद्दलच तक्रार असेल तर हाच नंबर कामी येतो. या कमिटीत किमान ७ सदस्य असतात, त्यांतले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, आणि एक सदस्य अगदी सामान्य, बिगरवैद्यकीय माणूस.

स्क्रीनिंगला काय लपवलं जातं

स्क्रीनिंगच्या, म्हणजे तुम्ही स्टडीत बसता का ते तपासण्याच्या, दिवशी आधार, जुने केसपेपर आणि चालू औषधांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. चिठ्ठी नको, पाकिटंच. ‘बीपीची पांढरी गोळी’ यावरून काहीच कळत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ औषध न समजल्या जाणाऱ्या गोष्टींचा. ‘तंबाखू खाता का?’ याला आजी ‘नाही’ म्हणते आणि रोज सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं. मावा, तपकीर, गुटखा यांचंही तसंच. वैद्यांची भस्मं, साखरेसाठी घेतलेला जांभळाचा चूर्णपुडा, सांधेदुखीवर मेडिकलवाल्यानं दिलेली ‘साधी’ गोळी (ती स्टिरॉइड निघते), गर्भनिरोधक गोळ्या, झोपेची गोळी: सगळं सांगा. कारण साधं आहे. काही औषधं यकृतातल्या मोडतोडीच्या यंत्रणेला आवर घालतात, काही तिला चेव आणतात, आणि मग चाचणीच्या औषधाची पातळी रक्तात चढते किंवा पडते. चढली तर त्रास तुम्हाला, पडली तर डॉक्टर म्हणणार औषध लागू पडत नाही.

आधीच्या स्टडीचं लपवणं त्याहून वाईट. निरोगी स्वयंसेवकांच्या बहुतेक स्टडीत मागच्या सहभागानंतर ९० दिवसांचं अंतर मागतात. मागचं औषध शरीरातून जायला आणि काढलेलं रक्त भरून यायला तेवढा वेळ ठेवलेला असतो. देशभरातल्या स्वयंसेवकांची एकच मध्यवर्ती सरकारी यादी नसल्यानं पैशाची निकड असलेला माणूस या शहरातून त्या शहरात जाऊन ही अट चुकवू शकतो. पण हिमोग्लोबिन उतरत जातं आणि दोन अनोळखी औषधं एकमेकांत भिडतात, तेव्हा आयसीयूतल्या डॉक्टरला पहिल्या औषधाचं नावही माहीत नसतं.

स्क्रीनिंगमध्ये एचआयव्ही आणि कावीळ बी-सीची तपासणी अनेकदा असते. आधी आणि नंतर समुपदेशन मिळायला हवं आणि निकाल तुम्हालाच, बंद दाराआड. नापास झालात, म्हणजे ‘स्क्रीन फेल’, तरी रिपोर्टची प्रत मागा. कधी याच दिवशी पहिल्यांदा कळतं की किडनीचा आकडा वाढलाय.

निरोगी स्वयंसेवकाचे दोन मुक्काम

बीए-बीई स्टडीत आदल्या संध्याकाळी भरती होतात. सामान तपासतात, मावा, च्युइंगम, गोळ्या काढून घेतात. श्वासात दारू आणि लघवीत अमली पदार्थ बघतात, बायकांची गर्भचाचणी होते. रात्रीच्या जेवणानंतर किमान १० तास पोट रिकामं. सकाळी कोपराजवळच्या शिरेत कॅन्युला (रक्त काढण्यासाठी ठेवलेली बारीक नळी) बसते, गोळीआधीचं शून्य वेळेचं सॅम्पल निघतं, मग २४० मिली पाण्यासोबत गोळी. गिळल्यावर टॉर्च लावून जिभेखाली आणि गालांच्या आत बघतात. रागावू नका, गोळी गालात धरून नंतर थुंकणारे असतात म्हणूनच ही पद्धत आली. गोळीच्या आधी आणि नंतर एकेक तास पाणी नाही, पुढचे ४ तास जेवण नाही, आडवं व्हायचं नाही. सॅम्पल पहिल्या काही तासांत दर १५-३० मिनिटांनी, मग अंतर वाढत जातं. पंधरा-वीस सॅम्पल सहज होतात आणि प्रत्येक घड्याळाच्या काट्यावर. त्या वेळी संडासात असाल तर वेळ चुकते, म्हणून आधी सांगा. दुसरी फेरी औषध शरीरातून पूर्ण निघून गेल्यावर, म्हणजे औषधाच्या अर्धायुष्याच्या (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणाऱ्या वेळेच्या) किमान पाचपट काळानंतर होते आणि तेव्हा दुसऱ्या कंपनीची गोळी मिळते.

‘फेड’, म्हणजे भरल्या पोटी गोळी देण्याची, स्टडी असेल तर गोळीआधी ८०० ते १००० कॅलरींची चरबीदार न्याहारी ३० मिनिटांत संपवायची असते. बटर, चीज, तळलेलं, सायीसकट दूध. सकाळी चहा-खारी खाणाऱ्याला हे जड जातं, आणि उलटी झाली तर बाद. चतुर्थी, एकादशी, रोजा किंवा कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मेन्यू आधीच विचारा. तिथे ‘माझ्यापुरता साबुदाणा’ मिळत नाही, सगळ्यांचं ताट ग्रॅमवर मोजलेलं असतं. चहा-कॉफी बंद असल्यानं दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं. ते औषधानं दुखतंय असं लिहिलं जाऊ नये म्हणून दोन-तीन दिवस आधीपासूनच चहा कमी करत न्या. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच गोतातलं पपनसही बंद, कारण त्यातले घटक आतड्यातल्या औषध मोडणाऱ्या एन्झाइमला निकामी करतात.

कॅन्युलाच्या जागी दुखणं, लालसर रेघ, गरम गाठ जाणवली तर लगेच दाखवा. ‘उद्या निघेलच’ म्हणून सहन केलं तर शिरेचा दाह होतो आणि हात आठवडाभर वळत नाही.

माणसात पहिल्यांदाच दिलं जाणारं औषध असेल तर ही गोष्ट वेगळ्याच पातळीची आहे. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन१४१२ नावाचं औषध सहा निरोगी तरुणांना थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतरानं एकापाठोपाठ दिलं गेलं. पहिल्याला त्रास दिसेपर्यंत बाकीच्यांनाही डोस गेला होता, सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले आणि सगळे आयसीयूत गेले. तेव्हापासून आधी एकाला देऊन वाट बघण्याची पद्धत रूढ झाली. म्हणून विचारा: ‘माझ्या आधी हा डोस किती जणांना दिलाय, आणि दोघांत किती वेळ ठेवता? आयसीयू याच इमारतीत आहे का?’

घरी: गोळ्या, डायरी, कार्ड

गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकू नका, परत न्या. तिथे मोजणी होते. राहिलेल्या गोळ्या नाल्यात टाकून ‘सगळ्या घेतल्या’ म्हणणाऱ्यामुळे औषध कुचकामी असल्याचा निष्कर्ष निघू शकतो. दोन डोस चुकले तर दोन चुकले असंच सांगा. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं इंजेक्शन दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाला चिकटू देऊ नका. गोठलेलं औषध वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण वापरायचं नसतं. गावाकडे लोडशेडिंग असेल तर वीज किती तास गेली ते लिहून ठेवा आणि फोन करा.

लशीच्या स्टडीत थर्मामीटर, एक छोटी पट्टी आणि डायरी मिळते. साधारण ७ दिवस रोज ठरल्या वेळी ताप मोजायचा आणि टोचल्या जागची लाली-सूज पट्टीनं मोजून मिलिमीटरमध्ये लिहायची. ‘थोडी सूज’ हे उत्तर नव्हे. सगळे सात दिवस एकाच शाईनं, एकाच वळणाच्या अक्षरात, व्हिजिटच्या आदल्या रात्री भरलेली डायरी कोऑर्डिनेटरला चटकन ओळखू येते. अंदाजानं भरण्यापेक्षा रकाना कोरा सोडलेला बरा.

पाकिटात बसेल एवढं कार्ड देतात: स्टडीचं नाव, तुमचा क्रमांक, चोवीस तासांचा फोन. ते आधारसोबत ठेवा आणि मागे घरच्या एकाचा नंबर लिहा. अपघातात बेशुद्ध पोहोचलात तर दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरला त्यावरूनच कळतं की कोणाला फोन करून ‘यांना नेमकं काय चालू आहे’ विचारायचं. गरज पडल्यास तुम्ही कोणत्या गटात आहात हे गुपित त्या क्षणी उघडता येतं, तशी सोय ठेवावी लागते.

प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी एथिक्स कमिटीनं मंजूर केल्याप्रमाणे, व्हिजिटनिहाय मिळते. एसटीचं तिकीट, रिक्षाची पावती जपा. ‘सगळे पैसे शेवटी एकदम’ असं म्हणत असतील तर खटकायला हवं, कारण मध्येच सोडणाऱ्यालाही झालेल्या व्हिजिटचे पैसे द्यायचे असतात.

त्रास झाला तर

जवळच्या दवाखान्यात जा, पण स्टडीच्या नंबरवर फोन आधी किंवा वाटेत. कुठल्याही कारणानं रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, बैलानं मारलं म्हणून का होईना, तरी तो ‘सीरियस अॅडव्हर्स इव्हेंट’, म्हणजे गंभीर अनिष्ट घटना, धरला जातो. डॉक्टरांनी त्याची खबर २४ तासांत डीसीजीआय, कंपनी आणि एथिक्स कमिटी यांना द्यायची आणि १४ दिवसांत सविस्तर अहवाल. पण हे घड्याळ त्यांना कळल्यापासून सुरू होतं. महिन्यानं व्हिजिटला जाऊन ‘मध्ये अॅडमिट होतो’ म्हटलं तर महिना गेला. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, बिलं, सगळ्याच्या प्रती काढा.

२०१९च्या नियमांनुसार चाचणीत इजा झाली तर, ती चाचणीमुळे नाही असं सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत, यांतलं जे आधी घडेल तोवर, उपचार मोफत. इजा चाचणीशी संबंधित ठरली तर भरपाई वेगळी. फक्त औषधाचा दुष्परिणाम नव्हे. स्टडीसाठी केलेली प्रक्रिया, ठरलेल्या पद्धतीचं उल्लंघन, किंवा उपलब्ध चांगला उपचार न देता प्लासिबो दिल्यानं झालेलं नुकसान हेही त्यात येतं.

मृत्यू झाल्यास रकमेचं सूत्र ठरलेलं आहे: ८ लाख गुणिले वयाचा गुणांक गुणिले जोखमीचा गुणांक, भागिले ९९.३७. जोखमीचा गुणांक अगदी अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णाला ०.५ आणि निरोगी माणसाला ४. चाळिशीच्या माणसाचा वयाचा गुणांक १८४.१७. म्हणजे तो निरोगी असेल तर सुमारे ५९ लाख ३१ हजार, अखेरच्या अवस्थेत असेल तर सुमारे ७ लाख ४१ हजार. ६५ वर्षांच्या निरोगी माणसासाठी ३२ लाख. शंभर टक्के कायमचं अपंगत्व आलं तर मृत्यूच्या रकमेच्या ९० टक्के. डीसीजीआयचा आदेश निघाल्यावर कंपनीनं ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण ‘मिटवून टाकू’ म्हणून कोणी पन्नास हजारांचा चेक घेऊन घरी आला तर सही करण्याआधी हे सूत्र काढून बघा आणि एथिक्स कमिटीला फोन लावा.

सोडताना आणि संपताना

कधीही, कारण न सांगता सोडता येतं. पण फोन बंद करून गायब होऊ नका. काही औषधं एकदम थांबवली तर बीपी किंवा झटके उसळतात, म्हणून शेवटची तपासणी करून घ्या आणि पुढे कुठलं औषध घ्यायचं ते केसपेपरवर लिहून घ्या. तोवर काढलेली माहिती सहसा स्टडीत राहते, उरलेले नमुने नष्ट करायला मात्र सांगता येतं. तसा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

स्टडी पूर्ण झाली तर शेवटच्या व्हिजिटला तीन गोष्टी मागा: सगळ्या रिपोर्टच्या प्रती, औषधानं गुण आला असेल तर ते पुढे मिळण्याची काही सोय आहे का याचं उत्तर, आणि गट उघडल्यावर तुम्हाला कोणतं औषध मिळत होतं ते कळवण्यासाठी तुमचा चालू मोबाइल नंबर त्यांच्या वहीत लिहिलेला. गट उघडायला कधी वर्ष, दोन वर्षं लागतात. तेवढ्यात कोऑर्डिनेटर बदललेला असतो आणि सिमही.